कॉलेजची हवा आणि मुलांचं मन

1970 च्या दशकात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, स्टोनी ब्रूकच्या विद्यापीठात, दोन तऱ्हेची वसतिगृहं होती. एका तऱ्हेत लांबलचक कॉरिडॉर, त्याच्या दोन्ही अंगांना दोघादोघांच्या खोल्या, आणि मजल्यावरच्या तीसहून जास्त मुलांना मिळून एक न्हाणीघर आणि एक बैठकीची खोली. दुसऱ्या तऱ्हेत चार-सहा मुलांचा गट, त्यांच्या दोन-तीन खोल्या आणि त्यांच्यापुरती वेगळी बैठक. माणशी जागा दोन्हीकडे जवळपास सारखीच. कोण कुठे राहणार हे विद्यापीठ ठरवायचं. अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स या मानसशास्त्रज्ञांनी पाहणी केली तेव्हा कॉरिडॉरमधल्या मुलांनी गर्दीची तक्रार कितीतरी जास्त केली. ही मुलं मजल्यावरच्या इतरांना टाळत होती. वसतिगृहापासून दूर, एका प्रयोगासाठी त्यांना अनोळखी माणसाबरोबर थांबायला सांगितलं, तरी ती लांबची खुर्ची धरायची आणि कमी बोलायची. इमारतीनं लावलेली सवय इमारतीबाहेरही त्यांच्याबरोबर आली होती.

जागा अपुरी होती म्हणून हे झालं नाही. दात घासायला जातानासुद्धा कोण भेटेल, किती जण भेटतील, बोलावं लागेल की नाही, यावर त्या मुलांचा काही ताबा उरला नव्हता. नकोशा भेटी वाढल्या की माणूस हव्याशा भेटीही टाळायला लागतो. पुढे एका अभ्यासात बॉम यांनी अशाच एका लांब कॉरिडॉरच्या मधल्या खोल्या मोकळ्या करून तिथे बैठक केली आणि दारं बसवून मजल्याचे दोन भाग पाडले. तेवढ्यानं गर्दीची भावना कमी झाली आणि शेजारच्या खोल्यांशी मैत्री वाढली. मुलांना कोणी समजावलं नव्हतं, त्यांचं समुपदेशन केलं नव्हतं.

या प्रयोगांपासून सुरुवात करण्याचं कारण आपल्याकडची एक सवय आहे. एखादा मुलगा पहिल्या वर्षात गप्प झाला, लेक्चरला येईनासा झाला, मेसमध्ये दिसेनासा झाला की आपण कारण त्याच्यात शोधतो. मनानं हळवा आहे, घरी लाडावलेला आहे, मोबाइलच्या नादी लागला आहे. कॉलेजकडे कोणी बोट दाखवत नाही. त्याची इमारत, वेळापत्रक, परीक्षा, शिक्षकांची बोलण्याची पद्धत, ऑफिसातली खिडकी यांचा मुलाच्या मनाशी काही संबंध असेल असं आपल्याला वाटतच नाही. माझं म्हणणं उलट आहे. मुलांचं मन बरं राहणं हे फार मोठ्या प्रमाणात संस्थेच्या रोजच्या कारभारावर अवलंबून असतं, आणि तो कारभार बदलता येतो.

हा काळ नाजूक आहे हे आधी लक्षात घेऊ. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की आयुष्यात कधीतरी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांत त्याची सुरुवात वयाच्या 24 व्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे जे आजार पुढे येणार आहेत त्यांतले बहुतेक कॉलेजची वर्षं संपेपर्यंत डोकं वर काढतात. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत महाराष्ट्राचा आकडा 1,764, सगळ्या राज्यांत सर्वांत मोठा. यात शाळकरी मुलंही आहेत, आणि कोणत्याही आत्महत्येमागे एकच एक कारण क्वचितच असतं. तरीही हा आकडा वाचून एखाद्या राज्यानं आपल्या कॉलेजांकडे नव्यानं पाहायला हवं होतं. तसं फारसं झालं नाही.

मराठवाड्यातल्या एखाद्या गावातून पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात पैकीच्या पैकी, गावात सत्कार झालेला. इथे पहिल्याच युनिट टेस्टला तीसपैकी अकरा. सर शिकवतात इंग्रजीत, शंका विचारायची तीही इंग्रजीत. वाक्य मनात जुळेपर्यंत सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात. शेजारच्या बाकावरच्या मुली एकमेकींना शाळेपासून ओळखतात. तिच्या मनात हळूहळू पक्कं होतं की आपण चुकून इथे आलो, आपण इथल्या नाही. वर्गातल्या आणखी वीस-पंचवीस मुलांना तेव्हा अगदी हेच वाटत असतं. पण प्रत्येक जण चेहरा सावरून बसलेला असल्यामुळे प्रत्येकाला वाटतं, बाकी सगळे मजेत आहेत.

ही भावना किती खोल जाते आणि ती किती कमी खर्चात हलवता येते, याचा एक गाजलेला प्रयोग ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी केला. तो 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या एका नामांकित कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. त्यांचा सारांश असा: सुरुवातीला आम्हालाही वाटायचं की आपण इथे परके आहोत, बहुतेकांना वाटतं, आणि काही काळानं ते कमी होतं. मग मुलांनी स्वतःच्या अनुभवावर थोडं लिहायचं आणि पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी ते कॅमेऱ्यासमोर बोलायचं. सगळं मिळून तासाभराचं काम. पुढच्या तीन वर्षांत, यात भाग घेतलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले. गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं त्यांचं अंतर निम्म्यानं कमी झालं. ते अधिक आनंदी असल्याचं आणि डॉक्टरकडे कमी वेळा गेल्याचं त्यांनी सांगितलं. गोऱ्या मुलांवर मात्र फारसा परिणाम झाला नाही, कारण ‘आपण इथले आहोत का’ हा प्रश्न त्यांना तितका छळतच नव्हता.

इथे थांबलो तर कोणीही प्राचार्य म्हणेल, ठीक आहे, पहिल्या दिवशी एक व्हिडिओ दाखवू. म्हणून 2023 मध्ये आलेला पुढचा अभ्यास सांगणं भाग आहे. 22 संस्थांतल्या सुमारे 27 हजार विद्यार्थ्यांवर हाच उपाय तपासला गेला. उपायानं पहिलं वर्ष पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, पण ते त्या गटांत आणि त्या कॉलेजांत, जिथे त्या गटाच्या मुलांना आपलेपणा वाटण्याची संधी प्रत्यक्षात होती. जिथे ती नव्हतीच, तिथे कागदावरचे गोड शब्द कामाला आले नाहीत. ‘तू इथलाच आहेस’ हे वाक्य खरं ठरवण्याची जबाबदारी कॉलेजवर आहे.

महाराष्ट्राला हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं, आणि ते आपण विसरतो याची मला खंत वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग 1908 चं. फी माफ केली म्हणजे खेड्यातलं पोर शिकेल असं त्यांनी मानलं नाही. शहरात त्याला राहायला जागा आणि हक्काचं माणूस लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी एक पाऊल पुढे टाकलं. 1924 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीला बसायची. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. त्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती याच वाटेवरची. खेड्यातल्या गरीब मुलांना तिथे राहण्या-जेवण्याची सोय आणि श्रमाची सवय दोन्ही मिळतात. तिथून शिकून बाहेर पडलेली माणसं आज ठिकठिकाणी आहेत. या सगळ्यांनी ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द वापरला नव्हता. पण कामाची वाटणी, एकत्र जेवण, नावानं ओळखणारा रेक्टर आणि वरच्या वर्गातला आधार देणारा दादा, एवढं जमलं की मुलाचा पाय शहरात टिकतो हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

परकेपणाचा एक प्रकार मात्र तोंडओळखीनं जात नाही, कारण तो मुद्दाम लादला जातो. मुंबईत शिकणाऱ्या, आदिवासी तडवी समाजातल्या डॉ. पायल तडवी यांचा मे 2019 मध्ये मृत्यू झाला. सोबतच्या ज्येष्ठ निवासी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि खटला उभा राहिला. त्याच वर्षी त्यांच्या आईनं आणि हैदराबादला शिकताना आत्महत्या केलेल्या रोहित वेमुलाच्या आईनं मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. कॉलेजातला भेदभाव रोखण्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2012 चे नियम प्रत्यक्षात पाळले जावेत, ही त्यांची मागणी होती. भेदभाव दर वेळी शिवी देऊन होत नाही. ‘प्रवेशपरीक्षेत तुझी रँक किती?’ हा साधा दिसणारा प्रश्न समोरच्याची जात काढायला पुरतो. आयआयटी मुंबईनं जुलै 2023 मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत असा प्रश्न विचारणं अनुचित असल्याचं लेखी नोंदवलं. एखाद्या संस्थेनं इतक्या बारीक गोष्टीवर बोलणं मला आवश्यक वाटतं. ज्याला हा प्रश्न रोज ऐकावा लागतो त्याच्यासाठी ती बारीक नसते.

आता अनिश्चिततेकडे येतो. माझ्या मते आपल्या कॉलेजांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित त्रास हाच आहे. लंडनमध्ये 2016 साली एक प्रयोग झाला. स्वयंसेवकांनी संगणकाच्या पडद्यावर एकेक दगड निवडून त्याखाली साप आहे की नाही याचा अंदाज करायचा. साप निघाला की हाताला विजेचा छोटा पण दुखणारा झटका. शास्त्रज्ञ घामावरून आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून ताण मोजत होते. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण कमी होता. बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना तो सर्वांत जास्त होता. वाईट बातमीपेक्षा न कळलेली बातमी शरीराला जास्त जाळते.

हा प्रयोग आपल्या विद्यापीठांना लावून पाहा. 2017 च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठानं लाखो उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय घाईनं अमलात आणला आणि निकाल महिनोन्महिने रखडले. त्यापायी कुलगुरूंना ऑक्टोबरमध्ये पद गमवावं लागलं. परदेशी प्रवेश मिळालेली, नोकरीचं पत्र हाती असलेली, पुढच्या वर्षाचा फॉर्म भरायचा की नाही हे न कळणारी हजारो मुलं त्या काळात रोज वेबसाइट उघडून बघत होती. ती घटना मोठी म्हणून बातम्यांत आली. छोट्या प्रमाणात हेच दर सत्रात चालू असतं. परीक्षेचं वेळापत्रक शेवटच्या आठवड्यात बदलतं. पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुढच्या परीक्षेच्या तोंडावर लागतो. केटीचा फॉर्म भरायचा की पास झालोय, हे कळत नाही. सबमिशनच्या दिवसांत जर्नलवर एका सहीसाठी मुलं केबिनबाहेर तासन् तास ताटकळतात, आणि सर आज येणार की नाहीत हे शिपायालाही माहीत नसतं. इंटर्नलचे गुण कशावरून दिले हे कोणी सांगत नाही. कष्ट मुलांना सोसतात. आपल्या कष्टाचा आणि फळाचा संबंध कुठे जुळतो हेच दिसत नसलं की ती खचतात. 1979 मध्ये रॉबर्ट कॅरासेक यांनी कामगारांच्या ताणाविषयी हेच मांडलं होतं: कामाचा बोजा मोठा आणि ते कसं करायचं यावर आपला अधिकार थोडा, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त थकवते.

पैशाची अनिश्चितता याहून वाईट. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तोडणीपूर्वी हात तंगीत असताना आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर, त्याच शेतकऱ्यांना बुद्धीच्या त्याच प्रकारच्या चाचण्या दिल्या. तंगीच्या दिवसांत त्यांची कामगिरी स्पष्टपणे घसरलेली होती. चिंता डोक्यातली जागा व्यापते. शिष्यवृत्तीचा हप्ता कधी येणार हे न कळणारं, मेसचं बिल थकलेलं आणि घरी फोन करून मागण्याची लाज वाटणारं पोर वर्गात बसलेलं असतं, तेव्हा त्याचं अर्धं लक्ष त्या बिलाशी झुंजत असतं. आपण त्याला म्हणतो, याचं अभ्यासात मन नाही. शिष्यवृत्ती वेळेवर देणं ही मानसिक आरोग्याची योजना आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

झोपेबद्दल थोडक्यात. विशीच्या आसपास शरीराचं घड्याळ आयुष्यातलं सर्वांत उशिराचं असतं, मुलं रात्री जागतात यात निव्वळ आळस नसतो. सकाळी सातची लेक्चर्स ठेवून आपण त्यांची झोप तोडतो. वैद्यकीय शाखेत तर परिस्थिती गंभीर आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानं 2024 मध्ये, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आठवड्याला 74 तासांहून जास्त काम नसावं, अशी शिफारस केली. मर्यादा म्हणून 74 हा आकडा सुचवावा लागतो, यावरून मुळात किती काम असेल याची कल्पना करावी.

मुलींच्या वसतिगृहांची दारं मुलांच्या आधी बंद होतात. त्यामागे काळजी असते हे खरं. पण रात्रीची अभ्यासिका, उशिराचं प्रॅक्टिकल, गटात बसून केलेला प्रोजेक्ट, ज्यांतून मैत्री जमते आणि आत्मविश्वास येतो, ते सगळं त्या वेळेनंतरच असतं. सुरक्षेसाठी आवाराला दिवे आणि पहारा द्यावा. मुलींचा वेळ कापून ती मिळवू नये.

मैत्रीचंही असंच आहे. ती स्वभावापेक्षा नकाशावर जास्त ठरते. एमआयटीच्या वेस्टगेट वसाहतीत लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी विवाहित विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचं येणंजाणं कोणाशी आहे. एकाच मजल्यावर अगदी शेजारी राहणाऱ्यांपैकी 41 टक्के एकमेकांचे मित्र निघाले, मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांपैकी फक्त 10 टक्के. जिन्याच्या पायथ्याशी आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांची ओळख वरच्या मजल्यावर जास्त. माणसं जिथे सहज थांबतात तिथे नाती जुळतात. आपल्या जुन्या कॉलेजांत हे काम कट्ट्यानं केलं. झाडाखालचा पार, कँटीनमधलं एका चहावर तासभर बसू देणारं बाकडं, दोन लेक्चर्समधली मोकळी वीस मिनिटं. आता एखाद्या बहुमजली इमारतीत शिरायला कार्ड, लेक्चर संपलं की लिफ्टनं खाली, आवारात उभं राहिलं की रखवालदार हटकतो. कर्जत-कसाऱ्याहून लोकलनं येणारी मुलं चार तास प्रवासात घालवतात, त्यांना तर कॉलेज म्हणजे हजेरीपुरतंच. मग उरतो फोन. तिथे काय होतं याचाही पुरावा आहे. 2004 पासून फेसबुक अमेरिकेतल्या एकेका कॉलेजात टप्प्याटप्प्यानं पोहोचलं. त्याच काळातल्या विद्यार्थ्यांच्या आरोग्यपाहण्यांशी अर्थतज्ज्ञांनी हे टप्पे ताडून पाहिले, तेव्हा ते पोहोचलेल्या कॉलेजांत मुलांचं मानसिक आरोग्य बिघडल्याचं आढळलं. इतरांची सजवलेली आयुष्यं पाहून स्वतःला कमी लेखणं, हे त्यामागचं मोठं कारण असावं असं त्यांचं अनुमान. कट्ट्यावर मात्र मित्राचा पडलेला चेहराही दिसतो. आपल्या एकट्यालाच त्रास नाही हे तिथे न विचारता कळतं.

एवढं वाचून कोणी म्हणेल की मग समुपदेशक कशाला हवेत. ते हवेतच. आजारी मुलाला उपचार लागतो, आणि तो वेळेवर लागतो. सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 2025 च्या निकालात सांगितलं आहे की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक व्यवस्था करावी. गुणांवरून तुकड्या पाडणं आणि सर्वांसमोर अपमान करणं यांपासूनही दूर राहायला सांगितलं आहे. त्याआधी मार्चमध्ये न्यायालयानं माजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमलं. उच्च शिक्षणसंस्थांतल्या आत्महत्यांची कारणं शोधणं हे त्याचं काम. पण समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या केबिनसमोर असेल, तिथे गेलेल्या मुलाचं नाव दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये पोहोचत असेल, तर तिकडे कोण फिरकणार? आणि समुपदेशकानं सावरलेलं पोर पुन्हा त्याच ताटकळणाऱ्या रांगेत, त्याच टोमण्यांत परत जाणार असेल, तर त्या बिचाऱ्या समुपदेशकानं तरी किती पुरं पडायचं?

पालकांनो, या वर्षी प्रवेश घेताना प्लेसमेंटचे आकडे जरूर विचारा, पण त्याबरोबर हेही विचारा. समुपदेशक कोण आहेत, कोणत्या दिवशी कुठे भेटतात? गेल्या वर्षीचे निकाल किती दिवसांत लागले? वसतिगृहात रेक्टर राहतात की फक्त सही करायला येतात? रॅगिंग आणि भेदभावाची तक्रार कोणाकडे करायची, त्या समितीतल्या सदस्यांची नावं भिंतीवर लावली आहेत का? उत्तरं लेखी मागा. प्राध्यापकांनो, पहिल्या महिन्यात वर्गातल्या मुलांची नावं पाठ करा आणि एकदा मराठीत सांगा की शंका कोणत्याही भाषेत विचारली तरी चालेल. आणि हे वाचणाऱ्या विद्यार्थिमित्रा, रात्र फार जड जात असेल तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि तिथे मराठीत बोलता येतं.